तिसरी खुर्ची

शहापूरच्या माणसाला ओव्हरटाइमचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर हे गाव लागतं आणि जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. ‘आज ओटी आहे’ म्हणजे बाप उशिरा घरी येणार आणि पगाराला चार पैसे जास्त दिसणार, एवढं या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही कळतं. दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दरानं मोबदला द्यायचा, असं 2025 पर्यंत कारखाने अधिनियमाचं 59वं कलम सांगत असे. कलम कुणी वाचलेलं नसेल, दर मात्र तोंडपाठ असतो.

देशाच्या मध्याशी असल्यामुळे नागपूरच्या आकाशात चारी दिशांचे हवाईमार्ग एकमेकांना छेदतात, म्हणून या गावांवरून विमानं सतत जात असतात. बहुतेक खूप उंचावरून. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की नागपूरच्या विमानतळावर वेगळ्याच विमानांची वर्दळ वाढते. छोटी, आठ-दहा आसनांची, अंगावर कुठल्याही एअरलाइनचं नाव नसलेली पांढरी जेट. आत कोण बसून आलं, कुणाच्या विमानातून आलं, याची चर्चा वर्तमानपत्रांपासून पानठेल्यापर्यंत रंगते. पुढच्या दोन खुर्च्यांवर कोण होतं, हे कुणी विचारत नाही. डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. मला लिहायचंय ते तिसऱ्या खुर्चीबद्दल. ती असते हँगरच्या कोपऱ्यातल्या किंवा कंपनीच्या मुख्यालयातल्या एखाद्या खोलीत, आणि बहुतेक वेळा डाव्या खुर्चीतलाच माणूस विमानातून उतरून तिच्यावर जाऊन बसतो. डाव्या खुर्चीचा पगार त्याला मिळतो. तिसरीचा मिळतोच असं नाही.

मोठ्या एअरलाइनमध्ये एक विमान उडावं म्हणून इमारतभर माणसं राबतात. मार्ग आखणारे डिस्पॅचर वेगळे, कोण कुठल्या विमानावर जाईल ते ठरवणारे वेगळे. सुरक्षेचा विभाग वेगळा, प्रशिक्षणाचा वेगळा, इंधन आणि परवानग्यांचा वेगळा. वैमानिक गणवेशात येतो, कागद तपासून सही करतो, उडतो, उतरतो, घरी जातो. कंपनीच्या मालकीचं एकच जेट असेल तर ही इमारत कुठे असते? ती कॅप्टनच्या मोबाइलमध्ये असते.

मुंबईतली एक कंपनी धरून चालू. एक जेट, दोन कॅप्टन, एक तरुण सहवैमानिक. संध्याकाळी साडेसहाला मालकाच्या स्वीय सहायकाचा फोन येतो. ‘कॅप्टन, साहेबांना उद्या सकाळी गोंदियाला पोचायचंय. दुपारी परत.’ फोन करणाऱ्याच्या लेखी काम इथे संपलं. कॅप्टनच्या लेखी इथे सुरू होतं.

मुंबईच्या विमानतळावर गर्दीच्या तासांत खासगी विमानांना जागा मिळत नाही, म्हणून निघण्याची वेळ आधी त्या कुंपणात बसवावी लागते. मग गोंदियाचं बिरसी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्थाही चालते, म्हणजे सकाळच्या वेळी आकाशात शिकाऊ विमानं असणार. विमानतळ किती वाजता उघडतो, धावपट्टीबद्दल काही नवी सूचना निघाली आहे का, परतीचं इंधन तिथे भरता येईल की मुंबईहूनच जास्तीचं घेऊन जायचं? जास्तीचं घेतलं तर उतरताना वजन किती राहील? थंडीचे दिवस असतील तर वैनगंगेच्या खोऱ्यात सकाळी धुकं. उतरता आलं नाही तर नागपूर, म्हणजे नागपुरातही उतरण्याची आणि विमान उभं करण्याची तजवीज. साहेबांसाठी तिथून गाडी. उड्डाण आराखडा दाखल करायचा. हवाई दलाच्या संपर्क कक्षाकडून एडीसी नंबर आणि उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी नंबर मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. दोन्ही हाताशी हवेत.

तेवढ्यात लक्षात येतं की सहवैमानिक आजच दिल्लीहून उशिरा आलाय, त्याची विश्रांती सकाळी निघण्याच्या वेळेपर्यंत पुरी होत नाही. दुसऱ्या कॅप्टनला फोन. त्याच्या सहामाही चाचणीची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय, म्हणजे सिम्युलेटरची तारीखही आजच पक्की करायला हवी. इंजिनिअर कळवतो की एक छोटा दिवा लागत नाही. तो बंद असताना उडता येतं का, आणि किती दिवस, हे ‘किमान उपकरण यादी’त पाहायचं, नोंद करायची. रात्री अकराला पुन्हा फोन. ‘साहेबांबरोबर आणखी दोघं असतील.’ वजनाचा हिशेब पुन्हा. पहाटे उठून श्वासचाचणी, हवामान, सह्या.

मुंबई ते गोंदिया हे अंतर जेटला साधारण दीड तासाचं. दुपारी परत आल्यावर कॅप्टनच्या लॉगबुकात भरतात जेमतेम तीन तास. आदल्या संध्याकाळपासूनचं बाकी सगळं लॉगबुकात कुठेच उतरत नाही, कारण लॉगबुकाला फक्त इंजिन चालू असतानाचं काम दिसतं. आणि हे झालं एका फेरीचं. याशिवाय वर्षभर चालणारी कामं आहेत. विमानाची उड्डाणयोग्यता दरवर्षी तपासून घ्यायची, विमा नूतन करायचा, सगळ्यांचे परवाने आणि वैद्यकीय प्रमाणपत्रं मुदतीत आहेत ना हे पाहायचं, कार्यपद्धतीची पुस्तिका नव्या नियमांनुसार सुधारायची, नियामकाच्या तपासणीला सामोरं जायचं, इंधनाच्या बिलांवरून लेखा विभागाशी हुज्जत घालायची.

उडणाऱ्यानंच कारभार बघायचा, ही चाल नवी नाही. भारतीय नागरी विमानसेवेचा जन्मच तसा झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले, हे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईहून तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेणारा नेव्हिल व्हिन्सेंट फारसा कुणाला आठवत नाही. मूळ कल्पना त्याची, योजना त्याची, वैमानिकही तोच आणि पुढे टाटांच्या विमान खात्याचा कारभार बघणाराही तोच. 1942 साली इंग्लंडहून परतताना त्याचं विमान बेपत्ता झालं. व्हिन्सेंटसारख्या माणसाला एकाच वेळी चार कामं सोपवण्यात काही गैर नव्हतं, कारण त्या काळी नियमांची पुस्तकं पातळ होती आणि विमानंही मोजकी.   

आज पुस्तकं पातळ नाहीत. चार्टरसाठी लागणारा ‘अनियमित सेवा’ परवाना एका विमानावरही मिळतो, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, त्या एका विमानामागेही जबाबदार माणसं नावानिशी हवी असतात. उड्डाणाचा प्रमुख, सुरक्षेचा, प्रशिक्षणाचा, देखभालीचा. कंपनी लहान असली की एकाच कॅप्टनच्या गळ्यात यातल्या दोन-दोन माळा पडतात. विमान निव्वळ खासगी वापराचं असेल, भाड्यानं देत नसतील, तर चौकट सैल असते, पण काम कुणाला तरी करावंच लागतं.

या नियमांत एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या प्रकरणाची नस वाटते. वैमानिकाचा थकवा मोजण्यासाठी ‘ड्युटी’ कशाला म्हणायचं, याची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या आपल्याकडेही चालते. तीत उड्डाण आहे, प्रशिक्षण आहे, दुसरीकडे पोचण्यासाठी केलेला प्रवास आहे, थकवा आणणारं स्टँडबाय आहे, आणि प्रशासकीय कामही आहे. तिसऱ्या खुर्चीवरचे तास ही ड्युटी आहे, हे कायद्याला मान्य आहे. कॅप्टननं दिवसभर कचेरीत बसून नियामकाची उत्तरं लिहिली तर संध्याकाळी त्याला ताजातवाना समजून विमानात बसवता येत नाही. म्हणजे दमणूक मोजताना कागदी काम हे काम ठरतं. पगारपत्रकात मात्र तेच काम ‘कॅप्टन आहेतच, बघतील’ एवढ्यावर निभावून नेलं जातं. आणि पगारात ज्याची नोंद नाही, ते ड्युटीच्या नोंदीतही हळूच गळतं. रात्री अकराचा तो फोन ड्युटीत धरला तर सकाळचं उड्डाण नियमात बसेल का, हा प्रश्न फोन करणाऱ्याला पडत नाही आणि फोन घेणाऱ्याला पाडून घ्यायचा नसतो.

एअरलाइनच्या वैमानिकांचं गणित वेगळं. तिथे तासांवर भांडण होतं आणि उघड होतं. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या एअरलाइनची विमानं मोठ्या संख्येनं रद्द झाली, ती आठवत असतील. एअर इंडियात विलीन होताना नव्या करारात महिन्याला 70 तासांच्या हमीऐवजी 40 तासांची हमी आली, आणि वैमानिक बिथरले. त्या भांडणात बरोबर कोण हे बाजूला ठेवू. भांडण करायला एक आकडा होता, करार होता, शेकडो माणसं एका बाजूला होती. कंपनीच्या जेटवरचा कॅप्टन एकटा असतो किंवा फार तर दुकटा. त्याचं विमान महिन्याला 25 तास उडालं तरी पुष्कळ. त्यामुळे त्याला तासांवर पगार देणं परवडत नाही, ठोक देतात. आणि ठोक पगाराचा गुण असा की त्यात काहीही मावतं.

साधा हिशेब करून पाहू, आकडे उदाहरणादाखल. महिन्याला 25 तास उड्डाण. रोज सरासरी चार तास तिसऱ्या खुर्चीवर, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे 80 तास. उड्डाणाच्या तिपटीहून जास्त. मालक कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारलं तर तो सांगेल, बाजारात कॅप्टनचा जो दर आहे तो आम्ही देतो. खरंच देत असतील. पण त्या दरात एअरलाइननं त्या कॅप्टनमागे उभी केलेली इमारतही धरलेली असते, आणि इथे ती इमारत हाच माणूस आहे. योग्य पगार काढायचा तर ‘दुसरे कॅप्टन किती घेतात’ हा प्रश्न अपुरा. उद्या हा माणूस सोडून गेला तर काय काय विकत घ्यावं लागेल, हे विचारावं. उड्डाण आखून देणारी बाहेरची सेवा, वेळापत्रक सांभाळणारा एक माणूस, सुरक्षेचा एक जाणकार, नियामकाशी पत्रव्यवहार करणारा एक. या सगळ्यांची बेरीज करून कॅप्टनच्या पगारात टाका, असं मी म्हणत नाही, कारण एकच माणूस चौघांचं काम पूर्ण वेळ करत नाही. पण बेरजेचा एक भाग तरी त्याचा आहे, आणि तो शून्य नक्कीच नाही.

अमेरिकेत कंपन्यांची स्वतःची विमानं शेकड्यांनी नव्हे, हजारांनी आहेत. तिथल्या व्यावसायिक विमानधारकांची संघटना, एनबीएए, 1947 सालची. ती पगारांची पाहणी करते. तीत विमान विभागाचा प्रमुख, मुख्य वैमानिक, कॅप्टन, वेळापत्रक बघणारा ही वेगवेगळी पदं म्हणून मोजली जातात. आकडे आपल्याला लागू पडणार नाहीत, पण रकाने उचलण्यासारखे आहेत. रकाना असला की त्यात काहीतरी लिहावं लागतं. तिथेही मालकांना जाग आली ती स्वतःहून नाही. महामारीनंतर एअरलाइननी पगार वाढवले, डेल्टाच्या वैमानिकांनी मार्च 2023 मध्ये कराराच्या मुदतीत 34 टक्क्यांची वाढ पदरात पाडली. मग आपले कॅप्टन तिकडे निघून जाताना पाहून कंपन्यांनी हिशेब मांडायला घेतला.

पैशांपलीकडचं एक प्रकरण इथे सांगायलाच हवं. 31 मे 2014, रात्र. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या विमानतळावरून एक गल्फस्ट्रीम जेट निघालं. आत फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्राचे सहमालक लुइस कॅट्झ आणि त्यांचे पाहुणे. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटाचे आणि पंखांचे हलते भाग हलू नयेत म्हणून एक खीळ लावून ठेवतात. ती काढायची राहिली. खीळ तशीच असताना विमान धावपट्टीवर वेगात निघालं, उचललं गेलं नाही, आणि पलीकडच्या ओढ्यात जाऊन पेटलं. सातही जण गेले. निघण्यापूर्वी सुकाणू पूर्ण फिरवून पाहण्याची एक साधी तपासणी असते, तीत ही चूक तत्काळ लक्षात आली असती. तपास करणाऱ्यांनी विमानातल्या नोंदयंत्राची जुनी माहिती काढली तेव्हा आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा ही तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती.

हे दोन वैमानिक नवखे नव्हते, बेपर्वा म्हणून कुणी त्यांना ओळखत नव्हतं. वर्षानुवर्षं ते एकमेकांबरोबरच उडत होते. आणि त्या छोट्या विमान विभागात एकाकडे मुख्य वैमानिकपद होतं, दुसऱ्याकडे देखभालीची जबाबदारी. विभागातले वैमानिक म्हणजे ते दोघंच. विभागाकडे आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्रसुद्धा होतं, म्हणजे कागद नीट होते. पण कॅप्टन तपासणी टाळतोय हे बघायचं काम ज्याचं, तो कॅप्टनच होता.

पगार जास्त असता तर हा अपघात टळला असता, असं कुणी म्हणणार नाही. मीही नाही. पण तिसरी खुर्ची फुकट मिळते असं एकदा मालकाला वाटलं की ती भरण्यासाठी वेगळा माणूस आणायचा विचारही त्याच्या मनात येत नाही. काम फुकट असलं की त्याला माणूसबळ लागतं हेच दिसेनासं होतं. त्या खुर्चीची किंमत ठरली असती तर कदाचित कुणीतरी म्हणालं असतं, एवढे पैसे देतोच आहोत तर अर्धा दिवस बाहेरचा एक माणूस ठेवू, जो या दोघांच्या नोंदी उघडून पाहील.

दुसरी गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. 29 मार्च 2001 रोजी कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला उतरताना एक भाड्याचं जेट डोंगरावर आदळलं, 18 जण गेले. अंधार पडत होता, बर्फ होतं, आणि भाड्यानं घेणाऱ्याचा ‘आजच पोचायचं’ हा हट्ट होता. तपास अहवालानं त्या दडपणाची नोंद अपघाताला हातभार लावणाऱ्या गोष्टींत केली. एअरलाइनमधला कॅप्टन नाही म्हणतो तेव्हा त्याच्या मागे उड्डाण विभाग उभा असतो, आणि प्रवाशाला कॅप्टनचं नावही ठाऊक नसतं. कंपनीच्या जेटवर नाही म्हणणारा, नाही म्हणण्याला पाठिंबा देणारा आणि उद्या त्याबद्दल मालकासमोर उभा राहणारा एकच. त्याचा पगार ज्यानं ठरवायचा तो मागच्या आसनावर बसलेला. आपल्याकडेही 25 मे 2017 रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण घेताच तारांना लागून कोसळलं. सुदैवानं सगळे बचावले. नंतर यंत्राबद्दल पुष्कळ बोललं गेलं. उड्डाण ठरवणारी खोली कशी चालते, तिथे माणसं किती आणि त्यांचं ऐकतं कोण, याबद्दल तुलनेनं कमी.

आता आक्षेप. लाखांत पगार घेणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं भंडाऱ्यातल्या वाचकानं का ऐकावं? या जिल्ह्यात आणि शेजारच्या गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बिड्या वळल्या. मजुरी हजारावर. पान भिजवायचं, कातरायचं, जर्दा भरायचा, दोरा बांधायचा, कट्टे लावायचे, कारखान्यात नेऊन द्यायचे, त्यातल्या छाट म्हणून बाजूला टाकलेल्या सोसायच्या. मोजणी फक्त पास झालेल्या बिड्यांची. मधल्या तासांना कुणी काम म्हटलं नाही. त्या बाईसमोर जेटच्या कॅप्टनचं रडगाणं कुणी गायलं तर ती हसेल, आणि तिचं हसणं रास्तच आहे. दोघांच्या गरजेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि शासनाला एकाचीच काळजी करायची असेल तर ती कुणाची करावी याबद्दल मला शंका नाही. पण मालकाची युक्ती दोन्हीकडे एकच: जे मोजायला सोपं तेवढंच काम म्हणायचं. तिथे बिडीचा हजार, इथे उड्डाणाचा तास.

योगायोग असा की बिडी आणि विमान हे दोन्ही धंदे या भागात एकाच आडनावानं जोडले गेले आहेत. शहापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते मनोहरभाई पटेल गोंदियाचे बिडी उद्योजक. त्यांचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल 2004 ते 2011 या काळात देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री होते, आणि त्याच काळात बिरसीला विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. त्यामुळे वैमानिक होणं ही भंडारा-गोंदियाच्या पोरांना मुंबईइतकी लांबची गोष्ट राहिली नाही. निदान दिसायला लागली. परवडते का, हा निराळा प्रश्न. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि ते पुरं होईतो खर्च कित्येक लाखांत जातो. एखाद्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण त्यावर आणखी. धानाची जमीन गहाण पडते ती या टप्प्यावर. एअरलाइनची दारं एका वेळी सगळ्यांना उघडत नाहीत, आणि मग छोट्या चार्टर कंपनीतली उजवी खुर्ची मिळाली तरी पोरगं खूश. नेमणूकपत्रात एक ओळ असते: ‘कंपनी सांगेल ती इतर कामे’. त्या ओळीतून तिसऱ्या खुर्चीचं निम्मं काम त्याच्याकडे सरकतं. बिनपगारी, आणि लॉगबुकात एक मिनिटही न वाढवता. ज्याला मोठ्या विमानावर जाण्यासाठी तासच हवे आहेत, त्याच्यासाठी हा दुहेरी तोटा.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर गंमत आणखी वाढते. औद्योगिक विवादात कायद्यानं दाद मागायची तर तुम्ही ‘कामगार’ असायला हवं. पगार किती हा त्यातला एकमेव निकष नाही. कुशल, तांत्रिक काम करणारा मोठ्या पगाराचा माणूसही कामगार ठरू शकतो. व्यवस्थापकीय काम करणारा मात्र ठरत नाही, आणि देखरेखीचं काम करणारा ठरावीक पगाराच्या वर गेला की बाहेर पडतो. ही मर्यादा जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 10,000 रुपये होती, आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 18,000 आहे. कोणत्याही कॅप्टनसाठी दोन्ही आकडे हास्यास्पदच. दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 च्या सुरुवातीला किंग एअरवेज या कंपनीच्या प्रकरणात वैमानिकाला कामगार मानलं. विमानात तो इतरांच्या वरचा असतो म्हणून पर्यवेक्षक होत नाही, असा न्यायालयाचा रोख. मग विचार करा, एखाद्या कॅप्टनला पगार न वाढवता ‘उड्डाण संचालक’ असं झोकदार पद दिलं, व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं, तर काय होतं? जे काम तो आधीच करत होता त्याला एक नाव मिळतं, आणि उद्या पगार थकला, नोकरी गेली, तर तुम्ही कामगार नाहीच, व्यवस्थापक आहात, असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. न्यायालय पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम पाहतं हे खरं, पण इथे प्रत्यक्ष कामातही उड्डाणापेक्षा कारभाराचे तास जास्त निघायचे. फुकट मिळालेलं पद असं महाग पडू शकतं.

पैसे मिळतात तिथेही ते कुठल्या रकान्यात मिळतात हे पाहावं. तिसऱ्या खुर्चीसाठी बहुधा ‘विशेष भत्ता’ निघतो. 2025 पर्यंत ग्रॅच्युइटी मोजली जायची मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबानं, कमाल 20 लाख. विशेष भत्ता त्यात येत नसे. भत्ता देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मर्जी फिरली की पुढच्या महिन्यात नाहीसा. त्याहून मोठी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. वैमानिकाचा परवाना त्याच्या डोळ्या-कानांवर आणि हृदयाच्या आलेखावर टांगलेला असतो. एका सकाळी डॉक्टरनं ‘तात्पुरता अपात्र’ लिहिलं की डावी खुर्ची गेली, कधी तीन महिन्यांसाठी, कधी कायमची. त्या दिवशीही तो माणूस उड्डाण आखू शकतो, नियम जाणतो, नव्या वैमानिकांना घडवू शकतो. तिसरी खुर्ची तेव्हा त्याची खरी उपजीविका होऊ शकते. पण तिची किंमत आधी कधी ठरलीच नसेल, ती डाव्या खुर्चीच्या पगारात विरघळून गेली असेल, तर कंपनी म्हणेल, उडत नाही त्याला काय द्यायचं? म्हणून मला वाटतं, कारभाराचा पगार वेगळा लिहिलेला असावा, मूळ वेतनात असावा, आणि वैद्यकीय कारणानं उड्डाण थांबलं तरी तो चालू राहील असं कलम असावं. रकमेवर घासाघीस होऊ दे, रकान्यावर नको.

मालकाची बाजू अगदीच लंगडी नाही. विमान ठेवणं हे आतबट्ट्याचं प्रकरण आहे, दरवर्षी इंधन, हँगर, विमा, सुटे भाग, सगळं डॉलरच्या भावानं चढतं, आणि कंपनीच्या भागधारकांना ते विमान म्हणजे अध्यक्षांची चैन वाटते. तिथे आणखी एक पगार मागणं अवघड जातं. पण त्याच मालकाला विमा कंपनीचा हप्ता चुकवता येत नाही, कारण विम्याचं बिल येतं. तिसऱ्या खुर्चीचं बिल येत नाही, एवढाच फरक.

हे सगळं आता नागपूरच्या अंगणात येऊ घातलंय. मिहानमध्ये फ्रेंच कंपनी दसॉ आणि रिलायन्स यांच्या भागीदारीतला, 2017 मध्ये कोनशिला बसलेला कारखाना फाल्कन जेटचे भाग बनवतो. जून 2025 मध्ये पॅरिसच्या विमानप्रदर्शनात जाहीर झालं की फाल्कन 2000 एलएक्सएस हे अख्खं विमान इथे जोडलं जाणार, पहिलं 2028 पर्यंत उडणार. फ्रान्सबाहेर फाल्कन जोडण्याची ही पहिली वेळ. सुमारे साडेतीन कोटी डॉलरचं हे विमान घेणारा भारतीय उद्योगपती त्याच्या आतल्या कातड्याचा रंग निवडायला महिना घालवेल. ते चालवणाऱ्या खोलीत किती माणसं ठेवायची, हा प्रश्न बहुधा विमान दारात आल्यावर पडेल, आणि उत्तर ठरलेलं असेल: कॅप्टन आहेतच.

कॅप्टनकडे एक हुकमाचा पत्ता मात्र आहे, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चार्टरच्या परवान्यात उड्डाण प्रमुख म्हणून ज्याचं नाव जातं ते डीजीसीएनं स्वीकारावं लागतं. अनुभव, पात्रता, मागचा इतिहास पाहून. कंपनीला तो माणूस रातोरात बदलता येत नाही, नवं नाव मंजूर होईपर्यंत परवान्याचाच खोळंबा होऊ शकतो. त्यामुळे पगाराची बोलणी करायची वेळ नेमकी एकच: नाव डीजीसीएकडे पाठवण्याच्या अर्जावर सही करण्याआधी. एकदा सही झाली, पुस्तिकेत नाव छापलं गेलं की मालकाच्या लेखी ते काम तुमचंच होतं आणि तुमच्या लेखी ते सोडणं म्हणजे सहकाऱ्यांना तोंडघशी पाडणं. मालकाला घाई असते ती सहीच्या आधीच्या त्या आठवड्यात.